आई वेढे मोजत असताना

गाडी बंद पडायच्या आधी सांगत असते. आपण ऐकत नाही, इतकंच. इंडिकेटर दमल्यासारखा लुकलुकायला लागतो, ब्रेक दाबला की हेडलाइट मिणमिणतो, हॉर्न सर्दी झाल्यासारखा वाजतो. त्या दुपारी शिफ्ट संपवून निघाल्यापासून ही तिन्ही लक्षणं मला दिसत होती आणि मी स्वतःची समजूत घालत होते की थंडी आहे, बॅटरी जुनी आहे, घर आता चारच किलोमीटर राहिलंय. राउंडअबाउटच्या मधोमध इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

अंगात चकाकणारं पिवळं जॅकेट, गाडीच्या मागे शिकाऊची एल पाटी, तोंडावर मास्क, त्यावर हेल्मेट आणि चष्म्यावर वाफ. भोसरीच्या ट्रॅफिकमध्ये पंधरा वर्षं मोटरसायकल चालवलेली बाई, वय एक्केचाळीस, आणि इथे पुन्हा पहिलीत. गाडी ढकलत कडेला घेतली. कुत्रा फिरवणाऱ्या एका आजोबांनी पलीकडच्या फूटपाथवरून, अंतर राखून विचारलं, "यू राइट, मेट?"

"ऑल गुड!" मी ओरडले. ऑल गुड काहीच नव्हतं.

मेलबर्नचा तो लांबलेला लॉकडाउन होता. पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, रात्री आठनंतर बाहेर पडायचं नाही. आमच्या कारखान्यात वीज खात्यासाठी आणि हॉस्पिटलांसाठी पॅनेलं बनत, म्हणून आम्हाला कामाचा परवाना होता. तो कागद मी जॅकेटच्या आतल्या खिशात जपून ठेवायचे. बसच्या फेऱ्या अर्ध्यावर आल्या होत्या, आणि आमची एकुलती एक कार नवरा पहाटे उलट्या दिशेच्या गोदामात घेऊन जायचा. म्हणून ती जुनी मोटरसायकल घेतली, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं.

खरं कारण वेगळं होतं. मी इलेक्ट्रिकल डिप्लोमावाली. भोसरीत माणसापेक्षा उंच पॅनेलं उभी केलीत मी. इथे डँडेनॉन्गमध्ये बेंचवर बसून वायरी जोडते, आणि तपासून सही करतो तो लायसन्सवाला. आमच्या स्वयंपाकघरातला स्विच सैल झाला तर तो मला कायद्याने उघडता येत नाही. इलेक्ट्रिशियन येतो, दोन स्क्रू आवळतो, आणि मी शेजारी हात मागे बांधून उभी राहते. मोटरसायकल मात्र बारा व्होल्टची. तिच्या वायरीला हात लावायला कुणाची परवानगी लागत नाही. या देशात माझे हात मोकळे होते ते तेवढ्या एका यंत्रावर, आणि ते यंत्र बंद पडलं म्हटल्यावर, खरं सांगते, वाईट कमी आणि आनंद जास्त झाला. गाडी घरापर्यंत ढकलताना मी मनात मल्टिमीटर शोधत होते.

घरात आई होती. फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी म्हणून आली, आणि विमानंच बंद झाली. बाबा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. इचलकरंजीत आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. यंत्रमागाच्या, विहिरीवरच्या पंपाच्या जळलेल्या मोटारी यायच्या. पुढे बाबा मोटार खोलायचे, गिऱ्हाइकाशी बोलायचे. मागच्या खोलीत आई तांब्याच्या तारेचे वेढे घालून कॉइल भरायची. तीस वर्षं. सगळ्या गावाला वाटायचं वाइंडिंगला बाबांचा हात चांगला आहे. मी चिडायचे. आई म्हणायची, "मोटार फिरल्याशी मतलब."

बाबा गेले त्या दिवशी शटर खाली आलं ते पुन्हा वर गेलं नाही. पुण्याच्या दादाने गाळ्याला गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं, मोबाइलच्या दुकानासाठी. आई परत गेली की तिची एक सही, एवढंच बाकी होतं. आईला विचारलं की ती म्हणायची, "करते की. आता काय उरलंय तिथं." गाळा राहिला काय, गेला काय, मला त्याचं फारसं काही नव्हतं. मला भीती वाटायची ती तिच्या त्या आवाजाची. दिवसभर सोफ्यावर बसून ती अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत राहायची, चिमटीत तार धरल्यासारखी. जेवण दोन घास. ही घरी जाईल, सही करेल आणि मग तिथेही अशीच बसून राहील, हे मला लख्ख दिसत होतं आणि काय करावं ते सुचत नव्हतं.

आता गाडीचं. कुणाच्या उपयोगी पडलं तर पडलं, म्हणून सांगते. चार्जिंग होत नाही म्हटलं की सगळे धावतात नवी बॅटरी आणायला. थांबा. बॅटरी चार्जरवर भरून घ्या आणि मीटर लावा. बंद गाडीत साडेबाराच्या वर, चालू गाडीत चौदाच्या आसपास. इंजिन चालू असूनही आकडा खाली खाली येत असेल तर बॅटरी बिचारी निर्दोष. मग स्टेटरकडून, म्हणजे गाडीत वीज तयार करणाऱ्या कॉइलच्या चकतीकडून, तीन पिवळ्या वायरी येतात त्यांचा प्लग काढायचा. मीटर एसीवर. पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, पहिली-तिसरी. तिन्ही आकडे सारखे हवेत. माझा एक बरा आला आणि दोन मरतुकडे. मग इंजिन बंद करून एक टोक पिवळ्या वायरीला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावलं, आणि मीटर पीं करून ओरडला. तो ओरडायला नको होता. वाइंडिंग जळून बॉडीला लागलं होतं.

मी गॅरेजमध्ये एकटीच टाळी वाजवली. दोष सापडण्यासारखं सुख नाही!

शनिवारी उघडायला घेतली. आणखी दोन गोष्टी सांगते. स्टँडवर गाडी डावीकडे कलते आणि स्टेटरचं झाकणही डावीकडेच असतं, म्हणून ती आधी उजवीकडे भिंतीला टेकवायची, नाहीतर इंजिनचं ऑइल पायावर. आणि बोल्ट निघतील त्या क्रमाने अंड्यांच्या रिकाम्या खोक्यात ठेवायचे, कारण ते लांबीला सारखे नसतात. हे दोन्ही मी केलं. तिसरी गोष्ट मात्र केली नाही, जी मी कारखान्यात प्रत्येक नव्या पोराला बजावते की सुटं करण्याआधी फोटो काढ. झाकण निघालं, आत अठरा दात्यांची ती चकती दिसली, निम्म्या कॉइल कोळशासारख्या काळ्या, आणि मला इतका चेव आला की कटर घेऊन मी अठराच्या अठरा कॉइल कापून काढल्या.

गॅरेजचं आतलं दार उघडलं. सहा महिन्यांत आई त्या दारातून कधी आली नव्हती.

"काय जळलं गं?" तिने विचारलं. नाक वर करून ती वास घेत होती. "वाइंडिंगचा वास हाय हा."

मी चकती दाखवली. तिने ती हातात घेतली, उजेडाकडे धरली, आणि मग तिचं लक्ष खालच्या तांब्याच्या ढिगाकडे गेलं.

"कापलंस?"

"जळलंच होतं की."

"वेढे किती होते, मोजलेस काय? कुठल्या बाजूनं गुंडाळलेलं, बघितलंस काय?"

मी कटर पाठीमागे लपवला.

"डिप्लोमा केलास न्हवं!" आई म्हणाली. कित्येक महिन्यांत ती माझ्यावर ओरडली नव्हती, आणि ते ऐकून मला असं बरं वाटलं की मी हसलेच. त्यावर ती आणखी भडकली.

नवा स्टेटर मागवायचा तर परदेशातून यायला आठ आठवडे, तेही नक्की नाही. त्या वर्षी सगळंच कुठल्या ना कुठल्या बंदरात अडकलेलं असायचं. मी आईला म्हटलं, तू भरून दे. ती म्हणाली, असलं खेळणं मी कधी भरलं नाही, आणि आत निघून गेली. मी हात पुसत राहिले. पाचेक मिनिटांनी ती परत आली, चष्मा लावून, आणि कापलेल्या एका कॉइलची टोकं टाचणीने एकेक बाजूला करत मोजायला लागली. पंचवीस. दुसरी घेतली. पंचवीस. तिसरी घेतली.

"तारंचं गेज काय असंल?" तिने खाली बघतच विचारलं.

सोमवारपासून मी नवऱ्याच्या सायकलने कामावर जायला लागले, अकरा किलोमीटर. वसंत तोंडावर आलेला, म्हणजे इथे मॅगपाय पक्ष्यांचे घरटी करायचे दिवस. एका वळणावर रोज एक मॅगपाय मागून येऊन माझ्या हेल्मेटवर झडप घालायचा. मी हेल्मेटला केबल टाय उभे टोचून घेतले, साळिंदरासारखे. त्यामुळे मॅगपायचं काही अडलं नाही. पण जेवणाच्या सुट्टीत मी तारेच्या मागे लागले होते आणि ती मिळाली. कारखान्यामागच्या गल्लीत एक जुनं रिवाइंडिंगचं वर्कशॉप होतं. दारात टेबल आडवं लावून, फेसशील्ड घातलेल्या पिकल्या केसांच्या मालकाने मला मिलिमीटरभर जाडीच्या एनॅमल तारेचं रीळ दिलं.

"हू'ज डूइंग द वाइंडिंग?" त्याने विचारलं.

"माय मम."

त्याने शील्ड वर केली. "युअर मम?"

"थर्टी यर्स," मी म्हटलं. बोलताना माझी मान आपोआप ताठ झाली होती. गिऱ्हाइकासमोर हे एकदा तरी मोठ्याने सांगायचं, असं लहानपणापासून मनात होतं. त्याने आत जाऊन उष्णतेला टिकणारी टेप आणि वार्निशचा डबाही आणून ठेवला.

मंगळवारी जेवणाचं टेबल आईच्या ताब्यात गेलं. तिने आधी नखं घासायच्या कानशीने अठराही दात्यांच्या कडा गोल केल्या. धारदार कड तारेचं एनॅमल, म्हणजे वरचा वीजरोधक लेप, खरवडते आणि तिथूनच मोटार जळते, हे तिने मला पाचवीत असताना शिकवलं होतं, ते पुन्हा शिकवलं. मग टेप, आणि मग तार. तार ओढायची नाही, नुसती ताण धरून बसवायची, वेढ्याला वेढा चिकटून, कुठेही एकावर एक चढू द्यायचा नाही. तिचे हात चालायला लागले आणि मी खुर्ची ओढून समोर बसले. तीस वर्षांपूर्वी मागच्या खोलीत बसायचे तशीच.

आई मोजत असताना बोलायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. गिऱ्हाईक असो, पाहुणा असो, बाबा असोत. तिचे ओठ हलत असले की दारातच थांबायचं. नवऱ्याला हे कुठून माहीत असणार? तो चहाचे कप घेऊन आला आणि प्रेमाने म्हणाला, "आई, साखर किती घालू?"

आईचे ओठ थांबले. तिने त्याच्याकडे बघितलं, कॉइलकडे बघितलं, आणि अख्खी कॉइल उलगडली.

"सॉरी, सॉरी," नवरा म्हणाला. तेव्हापासून घरात आमच्या खुणा सुरू झाल्या. एक बोट म्हणजे एक चमचा.

गुरुवारी संध्याकाळी तीन टोकं तयार झाली. आईची पद्धत अशी की आधी करंट, मग वार्निश. चाललं नाही तर उलगडता यायला हवं. मी जुन्या पिवळ्या वायरी जोडल्या, झाकण बसवलं, बटण दाबलं. इंजिन सुरू झालं. आई शाल घेऊन गॅरेजच्या दारात उभी. मी मीटर लावला.

शून्य. दुसरी जोडी. शून्य. तिसरी. इंजिनला रेस दिली, धूर झाला, शेजारच्यांच्या खिडकीचा पडदा हलला. शून्यच.

माझा स्वभाव तापट आहे. तो आईकडून आलाय, असं म्हणायची सोय आहे, पण त्या दिवशी तो पुरता माझाच होता. चार दिवस सायकल हाणून पाय दुखत होते, पुढचे आठ आठवडे दिसत होते. मी मीटर बाकावर आपटला आणि म्हणाले, "हे पंपाचं काम नाही आई! हे तुला जमायचं नाही. मीच मूर्ख, तुला सांगितलं."

तिने शाल आवळून घेतली. दिशा मी कापून टाकली होती, फोटो मी काढला नव्हता, हे तिला माहीत होतं आणि मलाही. तिने ते तोंडावर मारलं असतं तर बरं झालं असतं. ती आत गेली. मी पुन्हा झाकण उघडून, चकती टेबलावर टाकून आत आले तेव्हा ती बेसिनपाशी साबणाने हात धूत होती, बोटांच्या फटीतून, घासून घासून. त्याच संध्याकाळी दादाचा फोन आला. आई त्याला म्हणाली, "त्या माणसाला थांबायला सांग. आले की सही करून टाकते. खरंच, मला आता न्हाई जमत."

ते वाक्य माझंच होतं, तिने फक्त ते उचललं होतं. मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "खरं तेच बोललीस की," आणि भात लावायला उठली.

दुसऱ्या दिवशी मी मॅगपायच्या वळणावर मान खालीसुद्धा घातली नाही. दिवसभर बेंचवर वायरी जोडत होते आणि डोक्यात एकच घोळत होतं, की आजच्या आज तिला काय सांगू. दुपारी घरी आले. सोफा रिकामा. हाक मारत आत गेले. जेवणाच्या टेबलावर स्टीलचं मोठं ताट उपडं ठेवलेलं, आणि त्याच्या कडेने बोटं उमटवलेली, एक हळदीचं, एक कुंकवाचं, एक हळदीचं, एक कुंकवाचं, गोल पूर्ण. बारा. त्या ताटाच्या मधोमध आमचा तांब्याविना नागडा स्टेटर, म्हणजे तिने सगळं वाइंडिंग पुन्हा उलगडलं होतं. आणि आई गॅरेजमध्ये, गाडीपाशी जमिनीवर पाट टाकून बसलेली. फ्रिजवरचा बटणाएवढा लोहचुंबक तिने शिवणाच्या दोऱ्याला बांधला होता आणि तो इंजिनच्या आतल्या, स्टेटरभोवती फिरणाऱ्या गोल मॅग्नेटच्या कडेने हळूहळू फिरवत होती.

"ये, बघ," ती म्हणाली. "इथं चिकटतोय. जरा पुढं, उलटा होऊन चिकटतोय. पुन्हा सुलटा. बारा घरं. एक हळद, एक कुंकू."

"मला माहीत आहे गं, नॉर्थ-साउथ..."

"माहीत हाय तर आधी सांगायचं न्हाईस?"

तिने मला टेबलापाशी नेलं. एका फेजचे, म्हणजे एकाच तारेने ओळीत भरलेले सहा दाते, दर तिसरा दाता, त्यावर तिने तांदळाचा एकेक दाणा चिकटवला होता. मग तिने एका हाताने स्टेटर जागच्या जागी धरला आणि ताट, म्हणजे तो मॅग्नेट, हळूच फिरवलं.

मला ते अजून डोळ्यांसमोर दिसतं. सहाच्या सहा तांदळांसमोर एकाच वेळी हळद आली. ताट आणखी थोडं फिरलं. सहाच्या सहांसमोर कुंकू. पुन्हा हळद.

"पंख्यात न पंपात शेजारची कॉइल उलटी भरतात," आई म्हणाली. "एक सुलटा, एक उलटा. तीस वर्षं हात तसाच फिरलाय. काल तसंच भरलं. पण हितं तर सगळ्यांना एकदमच हळद मिळतीया. मग उलटा कशाला? तीन म्हणतात पुढं, तीन म्हणतात मागं. शून्य न्हाई येणार तर काय येणार?"

पॉलिटेक्निकमध्ये मला हे एका सरांनी फळाभर गणित मांडून शिकवलं होतं आणि मी पाठ करून मार्क मिळवले होते. ते मला समजलं त्या दिवशी, हळदीकुंकवाच्या ताटावर. मी तिला मिठी मारली तर म्हणाली, "लांब हो, हेल्मेट लागतंय." मी हेल्मेट काढलंच नव्हतं. केबल टायसकट.

शनिवारी-रविवारी तिने अठराही कॉइल नव्याने भरल्या, सगळ्या एकाच दिशेने. नवरा मोज्यांत चालत होता. रविवारी दुपारी मी झाकण बसवलं, बोल्ट क्रमाने, एकदम न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे. बटण दाबलं. मीटर.

"किती?" दारातून आई.

"अठरा!" इंजिन मंद चालत होतं. दुसरी जोडी, अठरा. तिसरी, अठरा! रेस दिली तसे आकडे चढले, तीस, चाळीस, पंचावन्न, तिन्हीकडे सारखे. मी किंचाळले. नवरा बाहेर धावत आला, त्याला वाटलं मला शॉक बसला. आई मात्र आत वळली होती. ती आली ती मूठ मिटूनच. आमच्या दुकानात मोटार पहिल्यांदा फिरली की गिऱ्हाइकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची पद्धत होती, आणि तो ठेवायचे बाबा. त्या दिवशी तो आईने ठेवला, माझ्या तेलकट तळहातावर. लॉकडाउनआधी फॉस्टर स्ट्रीटवरच्या भारतीय दुकानातून आणलेल्या ढेपेचा तो शेवटचा तुकडा होता. मला रडू आलं आणि मी गूळ खात रडले.

मग पुन्हा खोलून वार्निश. चकती वार्निशमध्ये बुडवून, निथळून, आमच्या जेवणाच्या ओव्हनमध्ये तीन तास भाजली. खिडक्या सगळ्या उघड्या ठेवल्या तरी स्मोक अलार्म दोनदा ठणाणला. पुढे महिनाभर केकला इचलकरंजीचा वास येत होता. हे कुणी करू नये. गॅरेजमध्ये वेगळा जुना ओव्हन ठेवावा, असा माझा सल्ला आहे, नवऱ्याचा तर आहेच.

सोमवारी सकाळी मी गाडी काढली. चालू गाडीत बॅटरीवर चौदा पूर्णांक दोन. दुरुस्तीनंतरची पहिली फेरी नेहमी छोटी घ्यावी. घराभोवती एक चक्कर, परत येऊन झाकणाखाली तेल गळतंय का बघावं, वायरींना हात लावून एकेक ओढून बघावी, मगच रस्त्याला लागावं. मी तसं केलं. मग वळणावळणांवर नजर लांब ठेवत, जिथे जायचं तिकडे बघत, ब्रेकवर दोन बोटं ठेवून कारखान्याकडे निघाले. मॅगपाय आला तसा मी हॉर्न दाबला. काय खणखणीत वाजला! तो उडून विजेच्या तारेवर जाऊन बसला.

आईला गाडीवर बसायचं होतं. पण शिकाऊला मागे कुणाला बसवता येत नाही. मी म्हटलं, फक्त गल्लीच्या टोकापर्यंत, कोण बघतंय. ती म्हणाली, "नको. तुझं लायसन्स जाईल." मग रोज मी कामावरून आले की ती बाहेर यायची, आणि चालू गाडीच्या झाकणावर तळहात टेकवायची, आजारी पोराच्या कपाळावर टेकवावा तसा.

"जास्त तापत न्हाई," म्हणायची आणि जेवायला बसायची. पोटभर जेवायची.

सही करायचं मात्र तिने दादाला सांगून ठेवलं होतं, आणि शब्द फिरवणाऱ्यांतली ती नव्हती. मी विषय काढला की म्हणायची, "एवढीशी चकती भरली म्हणून दुकान चालतंय होय?" पुढे विशेष विमानात तिला जागा मिळाली. निघताना बॅगेत जॅम, चॉकलेटं काही घेतलं नाही. उरलेलं तारेचं रीळ मात्र घेतलं. मी म्हटलं, अगं तिथे ढिगाने मिळतं. ती म्हणाली, "असू दे. गेज चांगलं हाय."

तिचं विलगीकरण संपलं, दादा पुण्याहून परवाना काढून इचलकरंजीला पोचला. तो गाळ्याच्या व्यवहाराचा दिवस आहे, हे मला माहीत होतं. मी ओव्हरटाइमला थांबून बेंचवर होते, फोन बेंचखाली. संध्याकाळच्या चहाच्या सुट्टीत त्याचा फोन आला, आणि आवाज चढलेला.

"तू काय शिकवून पाठवलंस गं हिला? गाळ्यात उभा आहे मी. शटर सताड उघडं. सकाळी कुणीतरी पंपाची मोटार टाकून गेला तर ही बसली मागच्या खोलीत. तो माणूस कागद घेऊन बाहेर उभा आहे, मी पेन हातात देतोय, तर बघतसुद्धा नाही. विचारलं, सही करायची आहे की नाही, तर उत्तरच नाही. नुसती मान हलवते."

"कशी हलवते? हो की नाही?"

"नाही म्हणून. आणि ओठ पुटपुटतेय काहीतरी."

मी फोन कानाशी घट्ट धरला. दादाच्या मागून, अगदी हळू, आईचा आवाज येत होता. एकोणीस, वीस, एकवीस.

"दादा," मी म्हटलं, "मग तू गप्प बस. आई मोजतेय."